एका खोलीत मावलेलं गाव

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर जाऊन आले म्हटलं की इथली मराठी मंडळी पहिल्यांदा विचारतात, काय काय पाहिलंत आणि काय काय खाल्लंत. मी एक घर पाहिलं आणि उकडलेले बटाटे खाल्ले. त्या घरात आम्ही एक दुपार काढली. ती संपेल की नाही याची तेव्हा खात्री नव्हती, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

आम्ही टोकियोजवळ इचिकावात राहतो. नवऱ्याच्या, निरंजनच्या, आयटीतल्या नोकरीमागोमाग मी इथे आले, भाषा शिकले, आणि आता वृद्धांच्या एका केंद्रात काम करते. तिथे कुदो-सान मला वरिष्ठ. साठी उलटलेल्या, कडक, मोजकं बोलणाऱ्या. अंथरुणावरच्या माणसाला त्याची पाठ न दुखवता, आणि आपलीही न मोडता कसं उचलायचं, हे त्यांनीच मला शिकवलं. इतक्या वर्षांत त्यांनी आपल्या गावाचा विषय कधी काढला नव्हता. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी विचारलं, "मेधा-सान, दोन-तीन दिवस माझ्या गावी याल का?" तेव्हा मला आश्चर्यच वाटलं. कऱ्हाडहून माझी आई आली होती, तिला एकटीला कसं ठेवू म्हटलं, तर म्हणाल्या, आईंनाही आणा.

आईला दमा आहे. पण तिला बर्फ बघायचा होता, आणि एकदा तिनं ठरवलं की विषय संपतो.

खरं कारण विमानात कळलं. त्यांच्या गावात, गाव वसवायला आलेल्या पहिल्या लोकांनी बांधलेलं ओंडक्यांचं एक घर अजून उभं होतं. जागा कुदो-सानच्या घराण्याची. त्यांचे थोरले भाऊ तात्सुओ-सान ते पाडायला निघाले होते. त्यांच्या आईच्या अंत्यविधीनंतर ही भावंडं एकमेकांशी बोललेली नव्हती. "परक्या माणसांसमोर तो आवाज चढवणार नाही," कुदो-सान खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आणि मीही नाही. म्हणून तुम्हाला आणलं. माफ करा."

मला रागच आला. आईला मराठीत सांगितलं, तर ती पट्टा घट्ट करत म्हणाली, "म्हणजे आपण मध्ये ठेवायची उशी. असू दे. उशीला काय, नुसतं पडून राहायचं असतं."

आसाहिकावाहून पुढे

विमानतळावरून गाडी भाड्यानं घेतली. कुदो-सान चालवत होत्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच खांब, आणि त्यावरून लाल-पांढरे बाण खाली रोखलेले. बर्फात रस्त्याची कड दिसेनाशी होते, तेव्हा हे बाण बघून चालवायचं असतं. त्या दिवशी ऊन लख्ख होतं. मला ते बाण उगाचच टांगलेले वाटले.

शहर मागे पडलं तशी घरं विरळ झाली. मग रिकामी घरं लागली. एकाचं छप्पर मधोमध बसलं होतं, जसं जुन्या खाटेचं सुतळीचं विणकाम सैलावून खाली येतं. बंद शाळा. तिच्यापुढे एक उंच दगड, त्यावर कोरलेली अक्षरं निम्मी बर्फात. गाव वसवणाऱ्यांची नावं आहेत, कुदो-सान म्हणाल्या. गाडी थांबवली मात्र नाही.

तात्सुओ-सान दाराशी उभे होते. सत्तरी ओलांडलेले, रुंद खांद्यांचे, एका कानानं कमी ऐकणारे. बहिणीला त्यांनी मान हलवून "रस्ता कसा होता" एवढंच विचारलं. आईला मात्र कमरेत वाकून नमस्कार केला. आईनंही हात जोडले आणि त्या क्षणापासून त्यांना 'भाऊ' म्हणायला लागली.

इचिकावात थंडीत घरात स्वेटर घालून बसावं लागतं; इथे दुहेरी दारं आणि दिवसभर पेटलेला स्टोव्ह, त्यामुळे घरात चक्क उकडत होतं. तात्सुओ-सान बाह्या दुमडून स्वयंपाक करत होते. आमच्यासाठी सामन माशाचं गरम कालवण. आई शाकाहारी आहे हे कळल्यावर ते क्षणभर गोंधळले, मग तळघरातून बटाटे आणून उकडले, वर लोणी घातलं. आईनं पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. त्यांनी ती बटाट्याला लावून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा घेतली.

भावंडं बोलत होती, पण माझ्यामार्फत. तात्सुओ-सान मला सांगायचे, मेधा-सान, त्या घराचं आढं वाकलंय, कधी खाली येईल नेम नाही. कुदो-सान मला सांगायच्या, मेधा-सान, धिरा दिला तर आणखी वीस वर्षं टिकेल. दोघं हातभर अंतरावर बसलेली. मी एकाच भाषेतलं त्याच भाषेत कुणाला काय समजावणार? मी आईला मराठीत सांगत राहिले, त्यामुळे निदान माझं तोंड चालू राहिलं.

शेवटी ठरलं की सकाळी घर बघून यायचं. दुपारनंतर हवा बिघडणार असं रेडिओवर सांगत होते. "तासाभरात परत," तात्सुओ-सान म्हणाले. हे मात्र ते थेट बहिणीकडे बघून म्हणाले.

ओंडक्यांचं घर

घर फार लांब नव्हतं, शेतांच्या पलीकडे, जिथे जंगल सुरू होतं तिथे. तात्सुओ-सानच्या लहान गाडीतून गेलो. वाटेत शेतं अशी सपाट पांढरी होती की कुठे बांध, कुठे ओढा, काही कळत नव्हतं.

मी मनात काहीतरी भव्य धरून गेले होते. प्रत्यक्षात ते बुटकं, काळवंडलेलं घर होतं. जाड ओंडके आडवे रचलेले, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत बसवलेले, फटींत माती आणि शेवाळ ठासलेलं. छपरावर नंतर कधीतरी पत्रा घातला होता, आणि त्यावर माणसाच्या छातीएवढा बर्फाचा थर. वळचणीखाली मागच्या बाजूला तर बर्फाचा ढीग भिंतीच्या निम्म्यापर्यंत आलेला.

आत एकच खोली. निम्मी जमीन मातीची, निम्म्या भागात फळ्या. काही वर्षांपूर्वीपर्यंत नव्या वर्षाला गावकरी इथे जमायचे, त्यामुळे लोखंडी स्टोव्ह होता, कोपऱ्यात वाळकी लाकडं होती, भिंतीला दोर आणि जुनी हत्यारं होती. वर बघितलं आणि भावाचं म्हणणं पटलं. आढं खरंच झोळीसारखं खाली आलं होतं.

कुदो-सान मात्र वर बघत नव्हत्या. त्या एका ओंडक्यावर हात ठेवून उभ्या होत्या. मग त्यांनी भावाला विचारलं, मला न विचारता पाडायचं कसं ठरवलंस? तात्सुओ-सान म्हणाले, मला न विचारता तू गाव सोडलंस. आमचं उशीपण तिथेच संपलं. दोघांचे आवाज चढले नाहीत, उलट इतके खाली आले की मला अर्धं ऐकू येईना. शेवटच्या आजारपणात त्यांच्या आईजवळ कोण होतं, कोण नव्हतं, असं काहीतरी चाललं होतं. मी आईला घेऊन दाराशी गेले.

दारातून आमची गाडी दिसत होती. मागे शेतं, लांबवर तात्सुओ-सानच्या घराचं लाल छप्पर. मी आईला ते दाखवत होते, आणि बोट रोखलेलं असतानाच ते छप्पर नाहीसं झालं. मग शेतं गेली. मग गाडी. वाऱ्याचा आवाज आला तो त्यानंतर.

तात्सुओ-सान धावत आले, एकदा बाहेर डोकावले आणि दार ओढून घेतलं. गाडीपर्यंत जाऊया, मी म्हटलं. ते म्हणाले, गाडीत बसलो तर बर्फ धुराची नळी बुजवतो आणि माणसं आतल्या आत झोपेत जातात. आणि चालत घर गाठायला निघालेल्यांची प्रेतं आपल्याच अंगणात सापडलेली त्यांनी पाहिली होती.

फोन लागत होता. कुदो-साननी बर्फ काढायचं यंत्र चालवणाऱ्या शेजाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, समोरचं दिसायला लागल्याशिवाय यंत्र काढता येणार नाही. काढलं तर तुमच्याच अंगावर घालीन.

धूर

तात्सुओ-साननी स्टोव्ह पेटवला. लाकूड लगेच धरलं, आणि धूर वर जायच्याऐवजी खोलीत आला. स्टोव्हची नळी मागच्या भिंतीतून बाहेर निघून वर वळत होती, आणि ती बाजू बर्फानं भरून गेली होती.

आईला पहिली उबळ आली. तिनं पंप घेतला. दुसरी उबळ आली तेव्हा ती खाली बसली. तात्सुओ-साननी जळतं लाकूड चिमट्यानं उचलून बाहेर फेकलं, दार उघडं टाकलं. धूर गेला आणि त्याच्या जागी थंडी आली. तशी थंडी मी कधी अनुभवली नव्हती. आईला आमचे सगळ्यांचे मफलर गुंडाळले तरी तिची नखं निळसर दिसायला लागली. ती श्वास ओढताना शीळ घातल्यासारखा आवाज येत होता.  बोलायलाही तिच्याकडे श्वास उरला नव्हता.

"नळी मोकळी केली पाहिजे," तात्सुओ-सान म्हणाले. भिंतीवरचा दोर त्यांनी कमरेला बांधला, दुसरं टोक दाराच्या खांबाला. फावडं घेतलं. भिंतीला हात लावून जाईन, म्हणाले, आणि दोराला हिसके देत राहीन.

"हिसके थांबले तर मी येणार," कुदो-सान म्हणाल्या.

"येऊ नकोस," ते म्हणाले आणि गेले.

कुदो-सान दारात दोर धरून उभ्या राहिल्या, त्यांच्या मागे मी. हिसका यायचा, आम्ही परत द्यायचो. थोड्या वेळानं मागच्या भिंतीतून फावड्याचा आवाज यायला लागला. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा. स्टोव्हच्या तोंडातून फुरफुर करत थोडी काजळी बाहेर आली, म्हणजे नळी मोकळी झाली होती. मला हायसं वाटलं.

आणि तेवढ्यात वाळूचा ट्रक एकदम रिकामा करावा तसा आवाज झाला. घर हललं. वरून माती गळली. छपराच्या त्या बाजूचा सगळा थर घसरून खाली गेला होता.

कुदो-साननी दोराला हिसका दिला. पलीकडून काही आलं नाही. पुन्हा दिला. दोर ताठ होता, दगडाला बांधल्यासारखा.

त्या बाहेर पडल्या. मी आईकडे बघितलं. तिनं हातानंच जा म्हटलं. दाराजवळ राख काढायचं लहान फावडं आणि मोठ्या पातेल्याचं झाकण होतं, ती दोन्ही काखोटीला मारून मी दोर धरून निघाले. पुढचं काहीच दिसत नव्हतं. माझा स्वतःचा हातसुद्धा कोपरापर्यंतच होता. एका हाताखाली ओंडके, दुसऱ्या हातात दोर. कोपरा वळलो आणि दोर एका ताज्या ढिगाऱ्यात शिरला.

आम्ही खणलं. घसरलेला बर्फ भुसभुशीत असेल असं मला वाटत होतं. तो ओल्या सिमेंटसारखा दाटला होता. झाकण वाकलं. कुदो-सान एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "नीसान", दादा. वर्षानुवर्षं न उच्चारलेला तो शब्द त्या वाऱ्यात ओरडत होत्या. आधी टोपी लागली. मग कोट. मग त्यांचं एक कोपर, आणि त्या कोपराच्या आडोशाला, चेहऱ्यापुढे, थोडीशी पोकळी राहिली होती. चेहरा राखाडी पडलेला. कुदो-साननी थोबाडीत मारल्यासारखे त्यांचे गाल चोळले. त्यांनी एकदम मोठा श्वास घेतला आणि कण्हले.

दोघींनी मिळून त्यांना बाहेर काढलं, जसं आम्ही केंद्रात रोज काढतो: एकीनं खांदे, एकीनं कंबर, शब्द न बोलता, एकाच वेळी. भिंतीच्या कडेनं त्यांना ओढत आणताना माझ्या मनात एकच विचार होता, की आत आई कशी असेल.

आत जाळ होता. आईनं स्टोव्ह पेटवला होता. चुलीपुढे वाढलेली बाई. काजळी बाहेर आली तेव्हाच तिला कळलं होतं की नळी मोकळी झाली. गुडघ्यांवर बसून ती बारीक लाकडं सारत होती. श्वास अजून लागत होता, पण नखांचा रंग परत आला होता.

"धूर वर जातोय," ती म्हणाली. "भाऊंना इकडे आण."

पहिला हिवाळा

तात्सुओ-सानच्या छातीत दुखत होतं, बहुधा फासळ्या मोडल्या होत्या. पण त्यांनी पडल्या पडल्या वर बघितलं आणि आम्हाला दुसऱ्या बाजूला सरकायला सांगितलं. छपराची एक बाजू मोकळी झाली होती, दुसरीवर भार तसाच, त्यामुळे आता घर एका अंगानं ढकललं जात होतं. आढं करकरत होतं. कोपऱ्यात एक सरळ वासा पडला होता. तो उभा कुठे करायचा ते त्यांनी सांगितलं, आणि कुदो-साननी लाकडी हातोड्यानं तो आढ्याखाली ठोकून बसवला. ठोकता ठोकता त्या रडत होत्या.

"पाडून टाक हे घर," त्या म्हणाल्या. "मला नको."

"आत बसलोय तोवर थांब," तात्सुओ-सान म्हणाले.

हसताना त्यांना फार दुखलं. मला त्या क्षणी हसू आलं नाही, ते नंतर आलं.

त्यांना झोपू द्यायचं नव्हतं. कुदो-साननी मला सांगितलं, काहीही विचारा, बोलतं ठेवा.  मग आईनंच विचारलं, हे घर कुणी बांधलं? मी भाषांतर केलं, आणि तात्सुओ-सान तुटक तुटक सांगायला लागले. मधूनच थांबायचे, तेव्हा करकर ऐकू यायची.

त्यांचे आजोबा लहान असताना शिकोकू बेटावरून आले. तिथे डोंगरउतारावर संत्र्यांच्या बागा, हवा उबदार. पुरात जमिनी वाहून गेल्या तेव्हा गावातली काही कुटुंबं मिळून इकडे निघाली. इथे आल्यावर जंगलाखेरीज काही नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी डहाळ्या आणि गवताच्या झोपड्या घातल्या, दोन बाजू वर टेकवलेल्या, जोडलेल्या हातांसारख्या. जपानीत त्यांचं नावच 'हात जोडलेली झोपडी'. मी आईला हात जोडून दाखवले.

झोपड्या बर्फात टिकणार नाहीत हे दिसत होतं, म्हणून सगळ्यांनी मिळून हे एक घर बांधायला घेतलं. एका बाजूचं छप्पर व्हायच्या आतच बर्फ आला. एक झोपडी बसली, एक जळाली. मग सगळी कुटुंबं इथे आली. चटया टाकून ज्यानं त्यानं आपली जागा आखली. त्या हिवाळ्यात ह्याच खोलीत एक मूल जन्मलं आणि एक मूल गेलं. जमीन दगडासारखी गोठलेली, खणता येईना, म्हणून त्या मुलाला घराच्या मागे बर्फात ठेवलं, वसंत येईपर्यंत. त्याची आई रोज जाऊन त्याच्याशी बोलायची. कुणी तिला अडवलं नाही. वसंतात ह्याच खोलीत शाळा सुरू झाली, इथेच पहिलं लग्न लागलं. गाव म्हणजे तोवर एवढंच होतं.

"खायला काय होतं?" आईनं विचारलं.

तात्सुओ-साननी डोळे मिटले. मला वाटलं शुद्ध हरपते आहे. मग म्हणाले, मासे. ओढ्याच्या वरच्या अंगाला आइनू लोकांची घरं होती, ह्या भूमीवरच्या मूळच्या लोकांची. त्यांना त्यांच्याच नदीतले सामन पकडायला सरकारनं बंदी घातली होती. तरी त्यांनी चोरून पकडलेले, वाळवलेले मासे इथे आणून दिले. त्यावर आमची माणसं जगली. पुढे आमची शेतं वाढली, तेव्हा त्यांना तिथून हलवलं. नदीचं नाव अजून त्यांनी दिलेलंच आहे.

"शाळेपुढच्या दगडावर त्यांचं नाव नाही," ते म्हणाले. "आजोबा दारू प्यायले की हे सांगायचे. एरवी नाही."

मी हे आईला सांगितलं आणि तिनं जे सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. तिचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, धरणात गेलं, एवढंच मला ठाऊक होतं. ती म्हणाली, आम्हाला सोलापूरकडे माळावर नेलं. दाट झाडीतली माणसं आम्ही, तिथे सावलीला झुडूप नाही. पहिला उन्हाळा सगळ्या घरांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये काढला. पातळं टांगून घरं केली होती. आणि संध्याकाळी शेडवर दगड पडायचे. आमच्यासाठी ज्यांच्या जमिनी काढून घेतल्या होत्या, ते मारायचे. माझी आत्या म्हणायची, मारू देत, त्यांचंही खरं आहे.

"भाऊंना सांग," आई म्हणाली, "आमच्याही गावात दगड आहे. त्यावरही त्या लोकांची नावं नाहीत."

मी सांगितलं. तात्सुओ-साननी ऐकू येणारा कान तिच्याकडे वळवला होता. त्यांनी पडल्या पडल्या मान झुकवली. आईनं त्यांच्या छातीवरचं पांघरूण सारखं केलं. कुदो-सान स्टोव्हपाशी पाठ करून बसल्या होत्या. त्यांनी हात मागे नेऊन भावाचा पाय धरला आणि धरूनच ठेवला.

संध्याकाळ व्हायच्या आधी वारा पडला. दाराच्या फटीतून पिवळा फिरता दिवा दिसला, मग यंत्राची घरघर. शेजारी दोघांना घेऊन आला होता. त्यांनी आम्हाला एकेक करून बाहेर काढलं आणि कुणीही पुन्हा आत गेलं नाही. गाडीचा मागमूस नव्हता. ती दुसऱ्या दिवशी सापडली.

तात्सुओ-सानच्या फासळ्या मोडल्या होत्या, फुप्फुसालाही इजा होती. आईला एक रात्र ऑक्सिजनवर ठेवलं. सकाळी तिनं नर्सकडे खुणेनं चहा मागितला आणि साखर कमी आहे म्हणाली, तेव्हा मी निरंजनला फोन करून सगळं सांगितलं. त्याआधी मला धीर झाला नव्हता.

आम्ही दोघी परतलो. कुदो-सान मागे राहिल्या.

जून

जूनमध्ये त्यांचा फोन आला. घर उतरवतोय, या. आई तोवर कऱ्हाडला गेली होती, मी एकटीच गेले.

गोष्ट उलटी झाली होती. आता तात्सुओ-सान म्हणत होते राहू दे, आणि कुदो-सान म्हणत होत्या नको. पुढच्या हिवाळ्यात कुणीतरी प्रेमापोटी पुन्हा आत जाईल आणि अंगावर घेईल. शेवटी बहिणीचं ऐकलं गेलं, पण यंत्र आणायचं नाही, एवढी भावाची अट. गावात उरलेली जेवढी घरं होती तेवढी सगळी आली. पत्रे उतरले, वासे उतरले, आढं दोरांनी हळूहळू खाली घेतलं. मग ओंडके, वरून एकेक. धड होते ते तात्सुओ-सानच्या कोठारात ठेवले. कुजलेले बाजूला. डासांनी आम्हाला फोडून काढलं. दुपारी झाडाखाली बसून भाताचे मुटके खाल्ले, आणि म्हाताऱ्या बायकांनी मला विचारलं, आईंची तब्येत कशी आहे? सगळ्यांना आई ठाऊक होती.

शेवटचा ओंडका उचलल्यावर खाली मातीचा एक चौकोन उरला. आत असताना खोली मोठी वाटली होती. आता ती आमच्या सोसायटीतल्या दोन गाड्यांच्या जागेएवढी दिसत होती. तात्सुओ-सान काठी टेकत त्यात उतरले आणि दाखवायला लागले: ह्या कोपऱ्यात अमुक, इथे तमुक, हे आमचं, मूल इथे जन्मलं. लोक आपापल्या पणज्याच्या जागेवर जाऊन उभे राहिले. ज्यांच्या घराण्यातलं कुणी उरलं नव्हतं त्या जागा रिकाम्या राहिल्या, त्यावर कुणी पाय दिला नाही. मग तात्सुओ-सान मागे, जिथे ढिगाऱ्याखाली सापडले होते त्या बाजूला गेले, आणि थोडा वेळ एकटेच उभे राहिले. ते मूलही तिथेच ठेवलं होतं.

शाळेपुढच्या दगडाचं काय करायचं, यावर गावात अजून एकमत नाही. तात्सुओ-साननी विषय काढला आहे. दोन घरांनी त्यांच्याशी बोलणं सोडलंय, असं कुदो-साननी मला सांगितलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला विमानतळावर सोडायला त्याच आल्या. केंद्रातल्या नोकरीचा त्यांनी राजीनामा दिला होता. मी कामावरच्या गप्पा सांगत राहिले, कोण गेलं, कोण नवीन आलं. त्या ऐकत होत्या, पण सारख्या घड्याळ बघत होत्या.

जपानी माणूस पाहुण्याला निरोप देताना तो दिसेनासा होईपर्यंत उभा राहतो, हात हलवत राहतो. कुदो-सान तर या बाबतीत फार काटेकोर. पण त्या दिवशी मी तपासणीच्या रांगेत उभी राहून मागे वळले, तर त्या बाहेरच्या दाराच्या निम्म्या वाटेवर पोचल्या होत्या, भरभर चालत, गाडीची किल्ली हातात. दादा जेवायला थांबला असेल, असं मघाशी म्हणाल्या होत्या. मी हात वर केला होता तो तसाच खाली घेतला.